धोंड्याच्या जेवणाला जावई

"दिगंबररावांना जेवायला बोलवा," आई अण्णांना म्हणाली. "धोंड्याचा महिना अर्धा सरला. जावयाचा मान राहून जायला नको."

मी तिथेच गहू निवडत बसले होते. माझ्या हातातलं सूप पडायचंच बाकी राहिलं. ज्या माणसाने माझ्या बहिणीच्या कानाखाली अशी लगावली होती की तिचा डावा कान कायमचा गेला, त्याला पाटावर बसवून, पाय धुऊन जेवू घालायचं म्हणत होती माझी सख्खी आई. मंदाताई मोरीपाशी भांडी घासत होती. तिने ऐकलं की नाही कळेना, कारण तिची डावी बाजू आमच्याकडे होती.

अण्णांचा चेहरा मात्र उजळला. मंदाताई कोपरगावहून एका पिशवीनिशी निघून आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, की मुलगी सासरीच बरी, आणि लोकांना काय तोंड दाखवायचं.

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस," ते म्हणाले. "मी स्वतः जातो आमंत्रणाला. जेवण झालं की संध्याकाळच्या पॅसेंजरने मंदाला घेऊन जातील."

"बरं," आई म्हणाली आणि अनारशाचे तांदूळ भिजत घालायला उठली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तोंडाची चांगलीच फटकळ होते. अण्णा बाहेर पडल्याबरोबर मी आईला नाही नाही ते बोलले. तू आई आहेस की कसाई, असंही म्हणाले. सरळ सांगितलं, की मी त्या अनारशांत विष कालवीन.

"नको," आई म्हणाली. "अनारसे चांगले व्हायला हवेत."

बस, एवढंच. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही पडलेलंही दिसलं नाही.

आम्ही मनमाडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. अण्णा फिटर होते, शनिवारच्या भजनात पेटी वाजवायचे, आणि कॉलनीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. कुठल्या क्वार्टरमध्ये नवरा-बायकोचं वाजलं की अण्णांना बोलावणं यायचं. ते जायचे, नवऱ्याला चार शब्द सुनवायचे, बाईला पाणी प्यायला लावायचे. शेजारच्या जुलेखाभाभीच्या नवऱ्याची तर त्यांनी भर अंगणात गचांडी धरली होती. तेव्हापासून ती त्यांना भाईजान म्हणायची आणि ईदला शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं आमच्याकडे यायचं. अशा माणसाने स्वतःच्या लेकीला परत त्याच घरात ढकलावं याचं कॉलनीतल्या बायकांना कोडं पडलं होतं. मग त्याच एकमेकींची समजूत घालायच्या, की मुलीचा बाप शेवटी, जावयापुढे कुणाचं काय चालतं.

अण्णा आमंत्रणाला कोपरगावला गेले त्या दिवशी आईने अनारसे तळायला काढले. मदतीला जुलेखाभाभीला हाक मारली, समोरच्या मार्थाबाईंनाही बोलावलं. मार्थाबाई नगरकडच्या ख्रिश्चन, त्यांचा नवरा गार्ड. मागच्या क्वार्टरमधली गँगमनची सरू चाळणी परत द्यायला आली, तिलाही आईने बसवून घेतलं. मंदाताई दारात खसखस निवडत होती. मी फुगून खिडकीत बसले होते, पण कान तिकडेच होते.

आईने पहिला अनारसा तुपात सोडला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "जुलेखा, तुला पहिल्यांदा मारलं ते कशावरून ग?"

जुलेखाभाभीला त्याची लाज नव्हती. तिला मार बसला की सगळ्या कॉलनीला ऐकू जायचा, लपवणार काय? तिने हसत हसत सांगितलं. लग्नानंतर तिचा भाऊ पहिल्यांदा ईदी घेऊन आला होता. तेवढ्यात नवराही ड्यूटीवरून आला. तिने चहाचा पहिला कप भावाला दिला. भाऊ कोपऱ्यावर वळायच्या आत पाठीत बुक्की बसली. वर नवरा म्हणाला, आमच्यात असंच असतं, किताबात लिहिलंय. ती दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या हाफिजसाहेबांच्या बायकोमार्फत विचारून आली, तर असं काही लिहिलेलं नव्हतंच. तेवढं विचारलं म्हणून पुन्हा मार बसला.

मार्थाबाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, की चर्चमध्ये गाताना त्यांचा आवाज नवऱ्याच्या आवाजाच्या वर गेला होता. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांचंच कौतुक केलं, नवऱ्याचं कुणी केलं नाही. घरी येऊन त्याने बायबल उघडलं, बायकोने नवऱ्याच्या अधीन कसं राहावं ते वाचून दाखवलं, ते बंद करून नीट फडताळात ठेवलं आणि मग हात उगारला.

"पुस्तक मात्र जपून ठेवलं," मार्थाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या चर्चमध्ये फक्त ओठ हलवायच्या.

सरूचं अजूनच साधं होतं. तिच्या नवऱ्याला साहेबाने चार माणसांत आईवरून शिवी दिली. साहेबाला काही म्हणता येईना, म्हणून घरी येऊन त्याने सरूला बडवलं. मारता मारता तोच रडत होता म्हणे. तिला आधी वाटलं, त्यालाच कुणीतरी मारलंय.

आई एकेकीचं ऐकत होती, मधेच नीट समजून घ्यायला परत विचारत होती. अनारसे सुरेख होत होते. एकही तुपात हसला नाही, म्हणजे विरघळून फसफसला नाही.

"भाभी, तुमचं नशीब," जुलेखाभाभी म्हणाली. "भाईजानसारखा माणूस मिळाला. कधी तुमच्या घरातून आवाज नाही."

मी मंदाताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आईने झाऱ्यावरचा अनारसा निथळला आणि म्हणाली, "तू थाप पटापट. तूप तापलंय." त्या निघाल्या तेव्हा आईने तिघींना बजावलं, की जेवणाच्या दिवशी नक्की यायचं, आणि अजून कुणी येणार असेल तर तिलाही आणायचं. जावयाचा मान चारचौघींनी बघायला हवा.

दिगंबरराव सकाळच्या गाडीने आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. बोलणं इतकं मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं मंदाताईच काहीतरी बनवून सांगतेय. "कशाला एवढा त्रास मामी," म्हणत त्यांनी अंगाला तेल चोळून घेतलं. मनमाडात पाणी म्हणजे काय, ते मनमाडकरच जाणे. आम्ही चार-चार दिवसांचं पाणी पिंपात साठवून पुरवायचो. जावईबापूंनी दोन बादल्या ऊन पाणी अंगावर ओतून घेतलं आणि तिसरी मागितली. मी ती बादली अशी आदळली की पाणी त्यांच्या पायांवर उडालं. अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारले.

मग आईने पितळी परात मांडली. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, म्हणून सासूने त्याचे पाय धुवायचे. तिने धुतले, पदराने पुसले, कुंकू लावलं. माझे डोळे रागाने भरून आले. मंदाताई आतल्या खोलीत होती. तिची पिशवी अण्णांनी स्वतःच भरून दाराशी आणून ठेवली होती.

दोन पाट मांडले होते, एक जावयाला आणि शेजारचा अण्णांना. पानात पुरणाचे धोंडे, कढी, कुरडया, भजी, आणि बाजूला तेहेतीस अनारशांचं ताट, त्यावर दिवा. बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. जुलेखाभाभी, मार्थाबाई, सरू, आणि त्यांनी बोलावलेल्या आणखी पाच-सहा. घर भरून गेलं होतं. अण्णांना आधी ते रुचलं नाही, पण मग छाती जरा पुढे आली. जावयाचा मान म्हणजे सासऱ्याचाही मान, नाही का?

आईने तुपाची वाटी उचलली, तोच दिगंबररावांनी पानावर आडवा हात धरला.

"मामी, राग मानू नका. पण मंदा न सांगता घर सोडून आली. आमच्या घराण्याची अब्रू गेली. तिने सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवून माफी मागावी. मगच मी घास उचलेन."

जावयाने पाटावर अडून बसायचं आणि घड्याळ नाहीतर अंगठी मागायची, हे आम्ही पाहिलेलं होतं. हे नवीनच. अण्णांनी लगेच आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "मंदे, ये बाहेर. माफी माग आणि मोकळी हो."

मंदाताई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. माझ्या मनात आलं, संपलं. आता ही वाकणार, आणि एकदा वाकली की पॅसेंजरमध्ये बसणार, आणि पुढच्या खेपेला हिचा दुसरा कान जाईल नाहीतर जीवच जाईल. मी पुढे व्हायला लागले, तर आईने मला हातानेच थांबवलं.

"मागेल ना माफी," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "पण दिगंबरराव, आम्हाला कळू द्या तरी, तिचं काय चुकलं. तुम्ही हात का उचललात?"

"जाऊ द्या मामी, घरातल्या गोष्टी."

"घरातच आहोत. सांगा."

दिगंबररावांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, सांगा, मुलीलाही कळू दे. मग दिगंबरराव म्हणाले, "पाहुणा आला की हिला माझं भान राहत नाही. मावसभाऊ आला, त्याला आधी ताट वाढलं. मी बाजूला बसलेलो."

"हे माझं आहे," भिंतीकडून जुलेखाभाभी म्हणाली.

"काय?"

"काही नाही," आई म्हणाली. "अजून काय?"

"चारचौघांत माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते. माझ्या मित्रांसमोर माझा हिशेब दुरुस्त करते. आपल्या धर्मात नवऱ्याला परमेश्वर मानलंय, ते काय उगीच?"

"ते माझं," मार्थाबाई हळूच म्हणाल्या. "फक्त देव दुसरा."

दिगंबररावांचा आवाज आता तेवढा मऊ राहिला नव्हता. "आणि पुरुषाच्या डोक्याला हजार ताप असतात. काट्यावर साहेब बोलतात, शेतकरी बोलतात. घरी आल्यावर जरा काही झालं की..."

सरू फिसकन हसली. "हे आमचं हाय, दाजी."

"काय चाललंय हे, मामा?"

"दिगंबरराव," आई म्हणाली, "ही कारणं या बायकांच्या नवऱ्यांनी आधीच वापरलीत. उष्टी झाली ती. तुमचं स्वतःचं काय असेल ते सांगा. आम्ही एवढ्या कष्टाने वाढवलेल्या पोरीला बहिरी करण्याइतकं काय झालं, ते एक सांगा. मी स्वतः तिला तुमच्या पायांवर घालते."

भिंतीपाशी आणखी दोघीतिघी हसल्या. त्या हसण्यानेच काम केलं. या माणसाला शिव्या दिलेल्या चालल्या असत्या, पण नऊ-दहा बायकांनी आपल्याला हसावं हे त्याला सोसलं नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि तो अण्णांकडे बोट करून बोलून गेला.

"मला काय विचारता? यांना विचारा. पाठवणीच्या वेळी स्टेशनवर यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. पोरगी तोंडाळ आहे, सुरुवातीलाच दोन ठेवून द्या, नंतर त्रास होत नाही. मी हिच्या आईला पहिल्याच वर्षात सरळ केली, आजतागायत घरातून आवाज नाही. बोला मामा, म्हणालात की नाही?"

सगळ्या बायकांची तोंडं अण्णांकडे वळली.

बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आम्हा दोघी बहिणींना मात्र होतं. अण्णा आधी रेडिओ मोठा करायचे. मग मारायचे. आई ओरडायची नाहीच, तरी ते रेडिओ लावायचेच. पण मंदाताईच्या संसारातल्या माराचा मुहूर्तसुद्धा त्यांनीच करून दिला होता, हे मला त्या क्षणी कळलं. आईला आधीच ठाऊक होतं. मारताना दिगंबरराव मंदाताईला म्हणायचा, तुझ्या बापाची परवानगी आहे मला, जाऊन सांग कुणाला सांगायचं ते. मंदाताईने आल्या दिवशीच ते आईच्या कानावर घातलं होतं. आणि आईने तांदूळ भिजत घातले.

"भाईजान?" जुलेखाभाभी म्हणाली. एवढं एकच. तिच्या तोंडाकडे बघवेना.

अण्णा ताडकन उठले. पान पायाने सरकलं, कढी सांडली. "भिकारचोट बाई, हे सगळं तू घडवून आणलंस," म्हणाले आणि त्यांचा हात वर गेला. सवयीचा हात होता, तो थांबून विचार करत नसे.

आई तिथून हलली नाही. हातात तुपाची वाटी तशीच. "मारा," ती म्हणाली. "आज रेडिओ नाही लावला."

भिंतीपासल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी पुढे आलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. अण्णांचा हात वर तसाच राहिला. सबंध कॉलनीची भांडणं मिटवणारा तो हात. मग त्यांनी तो खाली घेतला, तेव्हा त्यांनाच तो कुठे ठेवावा कळेना. ते पाटावर बसले.

"आता जेवा," आई म्हणाली. "माझ्या घरून जावई उपाशी जात नाही."

आणि तिने आग्रह केला. देवा, काय आग्रह केला! एक धोंडा, त्यावर तूप. अजून एक, मंदासाठी. अजून एक, तिच्या कानासाठी. एक तुमच्या मामांच्या शब्दाखातर. दोघे पुरुष खाली मान घालून गिळत होते आणि वरून दहा बायका बघत होत्या. दिगंबररावांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आईने पाण्याचं भांडं पुढे केलं आणि परत वाढलं. खोटं कशाला सांगू, माझ्या जिवाला इतका थंडावा त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता. त्याने पानावर ओकावं अशी माझी इच्छा होती.

शेवटी तो तोंडाला रुमाल लावून उठला. अण्णाही उठले. आणि खरं सांगते, एवढं होऊनही अण्णा दाराशी जाऊन म्हणाले, "मंदे, पिशवी घे. गाडीची वेळ झाली."

इतका वेळ उंबऱ्यात उभी असलेली मंदाताई पुढे आली. तिने पिशवी उचलली. तिने ती अण्णांच्या हातात दिली.

"तुम्हीच जा, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या शिकवणीचा माणूस आहे, तुमचं त्याच्याशी चांगलं जमेल. तुम्हीच नांदा त्याच्याकडे."

सरूने पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. दिगंबरराव चपला धड न घालताच अंगणातून बाहेर पडला. अण्णांना त्या घरात त्या बायकांसमोर उभं राहवेना, म्हणून तेही निघाले, ती पिशवी हातात घेऊन. कॉलनीच्या रस्त्याने दोघे पुढे-मागे चालले होते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका आल्या होत्या. बातमी त्यांच्या आधीच पुढे पोचली होती.

आईने पाट उचलले, कढी पुसली आणि सगळ्यांना म्हणाली, "बसा ग आता. गरम आहे तोवर." आमच्या घरात बायका नेहमी मागून, उरलंसुरलं जेवायच्या. त्या दिवशी आई सगळ्यांबरोबर मधोमध बसून जेवली, आणि मागून मागून घेतलं. जावयाच्या वाणाचं ताट तिने मंदाताईपुढे ठेवलं. जुलेखाभाभी मात्र नीट जेवली नाही. ती आईचा हात धरून सारखं म्हणत होती, "मला कसं कळलं नाही? भिंतीला भिंत लागून, मला कसं कळलं नाही?"

अण्णा दिवेलागणीला परत आले. पिशवी हातातच होती. बायका गेल्या होत्या. दार उघडं होतं आणि आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. अण्णा पायरीशी थांबले. त्यांनी विचारलं, मंदा आत आहे का. आई म्हणाली, आहे, आणि राहणार आहे. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी आत येऊ का?"

"या ना," आई म्हणाली. "क्वार्टर तुमच्या नावावर आहे. चपला काढता तसे हात बाहेर काढून ठेवा आणि या."

ते बराच वेळ पायरीवर उभे होते. मग चपला काढून आत आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना चहा कुणी विचारला नाही. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. आईवर हात कधी उचलला नाही, आणि कॉलनीतल्या कुठल्याही भांडणात त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. रस्त्याने चालताना ते मान वर करत नसत.

आई म्हणायची, तेवढी शिक्षा पुरे झाली. मंदाताईसुद्धा पुढे म्हणाली, म्हातारा माणूस, जाऊ दे. त्यांना पुरलं असेल. मला नाही पुरलं. त्या संध्याकाळी ते पायरीवर उभे होते तेव्हा मी आत दारामागे कडीवर हात ठेवून उभी होते, आईने नुसती मान हलवली असती तर त्यांच्या तोंडावर दार लावलं असतं. तिने मान हलवली नाही. आज आई नाही, अण्णा नाहीत, ते क्वार्टरही पाडलं म्हणतात. माझा हात अजून कडीवरच आहे.